अपडेटचा दिवस कोणी ठरवायचा?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून आमच्या सीमाभागात जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न डीटीपीच्या दुकानांपासून गावोगावच्या वाचनालयांपर्यंत सगळ्यांना पडला आहे. आपल्या पुरवणीत या विषयावर आलेला लेख म्हणूनच मी दोनदा वाचला. चालता संगणक भंगारात न घालता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकावी, हा लेखकाचा सल्ला मला पूर्ण मान्य आहे; बेळगावात शहापूरला माझा छपाईपूर्व मांडणीचा छोटा व्यवसाय आहे आणि गेली बारा वर्षे तो मी लिनक्सवरच चालवत आलो आहे. मतभेद आहे तो लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाशी. डेबियनसारख्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचामध्ये, दोन-दोन वर्षे जुने सॉफ्टवेअर वापरावे लागते, म्हणून ती असुरक्षित, आणि म्हणून नवशिक्यानेसुद्धा आर्चसारखी कायम ताजी राहणारी रोलिंग डिस्ट्रोच घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून एखाद्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या संगणक कक्षातल्या वीस यंत्रांवर रोलिंग डिस्ट्रो टाकून घेतली, तर मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडताना त्यांची जी धावपळ होईल, ती टळावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रोलिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेबियनचे स्वयंसेवक हजारो पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार असे प्रोग्रॅमचे गठ्ठे, गोळा करतात, ती एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहतात, मग काही महिने नवे काही आत घेणे थांबवतात आणि साधारण दोन वर्षांतून एकदा सगळा संच एकदम प्रसिद्ध करतात. डेबियन १३ हा संच ९ ऑगस्ट २०२५ रोजी आला. उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोची दीर्घ मुदतीची आवृत्तीही अशीच दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. रोलिंगमध्ये आवृत्ती ही कल्पनाच नसते. २००२ पासून चालत आलेली आर्च असो किंवा २०१४ पासून आजच्या रूपात असलेली ओपनसुसे टम्बलवीड असो, मूळ लेखकांनी नवे काही काढले की चाचण्यांच्या चाळणीतून जाऊन थोड्याच दिवसांत ते आपल्या संगणकावर येते. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते, डेस्कटॉपची सहा महिन्यांनी, ब्राउझरची महिन्याच्या आतबाहेर. रोलिंग वापरणाऱ्याच्या दारात ही सगळी मंडळी आपापल्या सवडीने येत राहतात.

डेबियन आपल्या प्रसिद्ध संचाला ‘स्टेबल’ म्हणते, आणि लेखकाची पहिली गफलत या शब्दाच्या अर्थाची आहे. आपण त्याचे मराठी ‘स्थिर’ असे करतो आणि मनात मात्र ‘भक्कम’ असे धरतो. डेबियनच्या तोंडी या शब्दाचा अर्थ ‘न बदलणारे’ एवढाच आहे. आज ज्या मेनूत जी आज्ञा आहे, ती पुढच्या वर्षीही तिथेच सापडेल, आज जी फाइल जशी उघडते तशीच ती उद्याही उघडेल, असे ते आश्वासन आहे. त्यात चुका नाहीत असे कोणीच म्हणत नाही. चुका आहेत, पण त्या कोणत्या, हे कळलेले आहे आणि त्याही जागच्या हलत नाहीत. रोजच्या धंद्यात माहीत असलेल्या चुकीशी जमवून घेता येते. काल नसलेली चूक आज सकाळी दुकान उघडताना समोर आली, तर गिऱ्हाइकाला काय सांगायचे हे सुचत नाही.

दुसरी गफलत अधिक महत्त्वाची आहे. जुना आवृत्ती क्रमांक म्हणजे जुने भोक उघडे, असा समज संगणकाच्या जाणकारांतही सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचे भोक सापडले की डेबियनचा सुरक्षा गट नव्या आवृत्तीतली नेमकी तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीला जोडतो. याला बॅकपोर्ट म्हणतात. क्रमांकाचा मुख्य भाग तोच राहतो, शेवटी एक बारीकशी शेपटी वाढते, आणि भोक बुजलेले असते. डेबियनच्या एका संचाला अशी सेवा तीन वर्षे आणि पुढे दीर्घ मुदतीच्या गटाकडून आणखी दोन वर्षे, म्हणजे एकूण पाच वर्षे मिळते. अर्थात हे सगळीकडे जमत नाही. ब्राउझर इतक्या वेगाने बदलतो की त्याच्या दुरुस्त्या मागे आणणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून डेबियन स्वतःच फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती आणि क्रोमियमची नवी आवृत्ती आपल्या स्थिर संचात घेते. शिवाय पदरची दुरुस्ती करताना पदरची चूकही होते. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्ये एक छोटा बदल केला आणि त्यामुळे त्या संगणकांवर बनणाऱ्या गुप्त किल्ल्या जेमतेम ३२,७६८ प्रकारच्याच होऊ लागल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला होता. स्थिर डिस्ट्रोची तरफदारी करणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे पत्रिकांची गर्दी सुरू होते. सीमाभागातली पत्रिका बरेचदा दोन अंगांची असते. एका पानावर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि समोरच्या पानावर तोच मजकूर कन्नडमध्ये, कारण मुलीचे मामा गोकाककडचे आणि मुलाचे काका चंदगडकडचे. त्या वर्षी माझा कामाचा संगणक एका रोलिंग डिस्ट्रोवर होता. वडगावच्या एका घरची पत्रिका इंकस्केप या रेखाटन-मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवून झाली होती, गिऱ्हाइकाने प्रूफ पाहून सही केली होती, आणि रात्री चहा पिता पिता नेहमीच्या सवयीने मी अपडेटची आज्ञा देऊन घरी गेलो. सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला की एका मोबाइल क्रमांकातला एक आकडा चुकला आहे. मी फाइल उघडली, आकडा बदलला, पुन्हा पीडीएफ काढली आणि प्लेटला पाठवली. सारे प्रूफ आदल्या दिवशीच वाचलेले असल्यामुळे बाकीच्या मजकुराकडे मी पाहिलेही नाही.

चारशे पत्रिका छापून, घड्या पडून घरी गेल्या, तेव्हा मुलीच्या आजीने चष्मा वर करत विचारले, ‘बारा वाजून किती?’ मुहूर्ताच्या ओळीत ‘दुपारी १२ वाजून’ एवढेच होते. ‘३५ मिनिटांनी’ हे शब्द चौकटीत न मावल्यामुळे नाहीसे झाले होते. त्या ओळीला मी फॉन्टचे नेमके नाव दिलेले नव्हते, नुसते ‘सॅन्स’ ठेवले होते. तसे नाव ठेवले की देवनागरीसाठी कोणता फॉन्ट वापरायचा हे प्रणाली ठरवते, आणि रात्रीच्या अपडेटमध्ये तो पसंतीक्रम बदलला होता. नव्या फॉन्टची अक्षरे किंचित रुंद होती. नंतर निरखून पाहिले तेव्हा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे झालेले दिसले, आणि कन्नड पानावर अक्षराखाली येणारी जोडाक्षरे खालच्या ओळीला टेकली होती. पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या. त्या डिस्ट्रोला मी दोष देत नाही. नवा फॉन्ट जुन्याहून सुबक होता, आणि फॉन्टचे नाव न देण्याचा आळस माझाच होता. पण तीच सुधारणा मला आषाढात, दुकानात माशा मारत बसलो असताना मिळाली असती, तर तासाभरात सगळे साचे दुरुस्त करून मी तिचे स्वागतच केले असते. तो दिवस मी निवडलेला नव्हता, एवढाच काय तो मुद्दा.

याचा अर्थ ताजेपणाची हौस ही रिकाम्या माणसांची करमणूक आहे, असा कोणी घेऊ नये. मराठीत काम करणाऱ्याला नव्याची ओढ असण्याचे फार खरे कारण आहे, ते असे की आपली लिपी संगणकावर नीट उमटू लागली तीच मुळी उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. पुस्तकाच्या मांडणीसाठीच्या स्क्रायबस या मुक्त प्रोग्रॅमची १.४ ही स्थिर मालिका २०१२ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी जोडाक्षरे जुळतच नसत. पाय मोडलेली अक्षरे सुटी सुटी पडत आणि ऱ्हस्व इकार भलत्याच जागी जाऊन बसे. २०१७ मध्ये १.५.३ या आवृत्तीत हार्फबझ या अक्षरजुळणीच्या यंत्रणेचा आधार आला आणि ‘क्षत्रिय’, ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’ हे शब्द प्रथमच नीट उमटले. पण १.५ या मालिकेवर प्रकल्पाने स्वतःच ‘विकासाधीन’ असा शिक्का मारलेला होता आणि १.६ ही नवी स्थिर आवृत्ती निघायला २०२४ चा जानेवारी उजाडला. म्हणजे शिक्क्यावर विसंबून बसलेल्या मराठी मुद्रकाला, समोर औषध तयार असताना, सहा-सात वर्षे थांबावे लागले असते. मी थांबलो नाही. त्या एका कारणासाठी रोलिंगकडे वळलो आणि स्मरणिका, वार्षिक अंक, देवस्थानांचे अहवाल असे पुष्कळ काम तिच्यावर केले. इंग्रजीत काम करणाऱ्याला ‘जुने ते सोने’ म्हणणे परवडते, कारण त्याची अक्षरे जुन्या प्रोग्रॅममध्येही धड असतात.

आणखी एक ऋण मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साध्या साधनाची ५.६.० ही आवृत्ती निघाली. त्यात, आणि पाठोपाठच्या ५.६.१ मध्ये, कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. डेबियनच्या चाचणीतल्या शाखा, टम्बलवीड, फेडोराची तयार होत असलेली आवृत्ती अशा ताज्या ठिकाणी ती पोचली. डेबियनच्या स्थिर संचात मात्र पोचली नाही. लेखकाचे म्हणणे खरे मानायचे तर नेमक्या त्या महिन्यात सर्वांत ताजा संगणक सर्वांत सुरक्षित असायला हवा होता. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करत होते, दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे त्यांच्या मनाला खटकले, त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो चोरदरवाजा जगजाहीर केला. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो. तो भात आपल्या पानात यायच्या आधी ज्यांनी शीत दाबून पाहिले, ते हे ताज्या शाखांवर राहणारे लोक. डेबियन स्टेबल वापरणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना हसू नये.

मात्र शीत दाबून पाहायला चुलीपाशी उभे राहावे लागते, आणि लेखात नेमके हेच राहून गेले आहे. रोलिंग डिस्ट्रो वाईट नसते. वाऱ्यावर सोडलेली रोलिंग डिस्ट्रो वाईट असते. जांबोटीच्या बाजूच्या एका गावातल्या वाचनालयाला दोन जुने संगणक देणगीदाखल मिळाले होते आणि गावच्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने त्यांच्यावर आर्चच्या कुळातली एक डिस्ट्रो बसवून दिली. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. खानापूर तालुक्याच्या त्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको की जून ते सप्टेंबर ते संगणक प्लास्टिकच्या कापडाखालीच होते. गणपती गेल्यावर कोणीतरी ते सुरू केले आणि समोर आलेले अपडेटचे बटण दाबले. चार महिन्यांचा साचलेला ढीग उतरू लागला, पण पॅकेज अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल सह्या तपासताना प्रणालीने हात वर केले. सह्या करणाऱ्यांपैकी काहींच्या किल्ल्या दरम्यान बदललेल्या होत्या आणि संगणकाकडची यादी जुनी होती. जाणकार माणूस अशा वेळी आधी किल्ल्यांचे पॅकेज नवे करून घेतो आणि मग बाकीचे उतरवतो. तिथल्या मुलाने पॅकेजची यादी तेवढी ताजी केली आणि फक्त ब्राउझर नवा घेतला. रोलिंगमध्ये असे अर्धवट अपडेट चालत नाही, हे आर्चच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे, कारण नव्या ब्राउझरला नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती फाइल) लागते आणि बाकीचा संसार जुन्या लायब्ररीवर चाललेला असतो. थोडक्यात, वाचनालयातला संगणक लायब्ररी न सापडल्यामुळे बंद पडला. मग दुसऱ्या यंत्रावर त्याने संपूर्ण अपडेट लावले आणि कर्नल बदलण्याच्या नेमक्या घटकेला वीज गेली. बॅटरीची सोय तिथे नव्हतीच.

मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो, त्यावरून संगणक सुरू केला, अडकलेली लॉक फाइल काढली, कर्नल पुन्हा बसवला, आणि दोन तासांनी दोन्ही यंत्रे उठून उभी राहिली. त्यानंतर वाचनालयाच्या चालकांना विचारून त्यांच्यावर डेबियन टाकले आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप उतरतील अशी व्यवस्था लावून दिली. आता तिथे पाऊस संपल्यावर संगणक सुरू केला की चार-पाचशे मेगाबाइटच्या आत काम भागते आणि मेनू होता तिथेच असतो.

डिस्ट्रोकडूनही कधी कधी नजरचूक होते, आणि तेव्हा तर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चमध्ये ग्रब या संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. ज्यांच्याकडे मांडणीची फाइल नवी बनली, पण डिस्कवर आधी बसवलेला ग्रबचा तुकडा जुनाच राहिला, अशा अनेकांचे संगणक सुरू होईनात. महिनाअखेरीस आर्चने सूचना प्रसिद्ध केली. ती वाचणाऱ्याला दोन आज्ञांचे काम होते. न वाचणाऱ्याचा दिवस गेला. टम्बलवीडने या दुखण्यावर बरा तोडगा काढला आहे. तिथे प्रत्येक संच स्वयंचलित चाचण्यांतून जातो आणि संगणकावर प्रत्येक अपडेटच्या आधी व नंतर डिस्कची नोंद घेतली जाते, त्यामुळे काही बिघडलेच तर सुरुवातीच्या यादीतून कालची स्थिती निवडून कामाला लागता येते. रोलिंग घ्यायचीच असेल तर ही सोय असलेली घ्यावी. पण कालच्या स्थितीत परत जाता येते हे माहीत असणाराही कोणीतरी तिथे असावा लागतो.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका परिचितांचे उलट टोक आहे. त्यांनी लेथला जोडलेला संगणक २०१६ पासून नेटला लावलेलाच नाही आणि ‘माझे लिनक्स सर्वांत स्थिर’ असे ते अभिमानाने सांगतात. ज्या दिवशी कोणी त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावेल, त्या दिवसापुरते तरी त्यांनी हे बोलू नये.

माझ्या दुकानात आता दोन संगणक आहेत. पत्रिका आणि पुस्तके डेबियनवर होतात. तिथे एखादा नवा प्रोग्रॅम हवाच असला, जसा मार्च २०२५ मध्ये आलेला चित्रे संपादित करण्याचा गिंप ३.० हवा होता, तर तो तेवढाच फ्लॅटपॅक या स्वतंत्र पेटीसारख्या व्यवस्थेने वेगळा बसवतो, म्हणजे खालच्या पायाला धक्का लागत नाही. दुसऱ्या संगणकावर अजून रोलिंग आहे, कारण नवे फॉन्ट आणि अक्षरजुळणीतले बदल मला आधी पाहायचे असतात. त्याचे अपडेट सोमवारी सकाळी, सूचना वाचून, आणि बॅटरी भरलेली आहे हे पाहून होते. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या लग्नसराईत मात्र माझ्या पुतण्याला त्या बटणाला हात लावायची मनाई आहे.

लेखकांना माझी विनंती एवढीच आहे की, लेखमालेच्या पुढच्या भागात त्यांनी बॅकपोर्टविषयीची दुरुस्ती अवश्य द्यावी, आणि ज्या जुन्या संगणकांसाठी हा सारा खटाटोप आहे, त्यांच्यातल्या ३२ बिट, म्हणजे जुन्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या, यंत्रांचीही दखल घ्यावी. आर्चने २०१७ मध्येच त्यांची साथ सोडली आणि डेबियन १३ मध्येही त्यांच्यावर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय उरलेली नाही. डेबियन १२ मात्र त्यांच्यावर चालते आणि त्याला जून २०२८ पर्यंत दीर्घ मुदतीची सेवा आहे. आमच्या भागातल्या निदान काही वाचनालयांना सध्या याच माहितीची गरज आहे.

आपला विश्वासू,
एक मुद्रण व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव